ओट्यावरची सतरावी

पनवेल, मंगळवार

प्रिय पूर्वी,

फोन न करता आमच्या प्रितेशदादाच्या हाती पत्र पाठवतेय म्हणून वैतागू नकोस. तुझ्या घरी फोन स्पीकरवर असतो, आणि तू मध्येच बोलतेस. मला सलग सांगायचंय.

लग्न होऊन देवगडला निघालीस तेव्हा विचारलं होतंस, अर्थशास्त्रात पीएचडी म्हणजे करायचं तरी काय? तर आधी प्रवेश परीक्षा, मग कोर्सवर्क, दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल, दोन शोधनिबंध, शेवटी विभागात सादरीकरण. ते पार पडलं की प्रबंध जमा. सहा वर्षं गेली यात, केस पिकले. विषय तुला ठाऊक आहे: उलव्याकडे खाडीत भराव पडल्यावर मासळी विकणाऱ्या बायकांच्या घरात काय बदललं. तुझ्या आईमुळे, जनीमावशीमुळेच सुचला. तिनं मला मासळीबाजारात ओट्यावर शेजारी बसवून घेतलं, म्हणून बाकीच्या बायका माझ्याशी मोकळ्या झाल्या.

नियम असा, की माहिती देणारीचं नाव छापायचं नाही, फक्त क्रमांक द्यायचा. मी अतिशहाणी. बायका ओट्यावर ज्या क्रमानं बसतात त्याच क्रमानं आकडे टाकले, दारापासून एक, दोन, तीन. सोपं पडलं. माझ्या मार्गदर्शक विनिता मॅडमनी तपासलं, समितीनं तपासलं, कुणालाच काही खटकलं नाही. त्यांच्यातलं कोणी आपल्या बाजारात मासळी घ्यायला येत नाही ना. सासूची जागा सुनेला जाते आणि ती जन्मात हलत नाही, हे बाजारातलं शेंबडं पोरही सांगेल. मलाही माहीत होतं गं. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

सतरा नंबरनं सांगितलंय, की भरावाच्या संमतीपत्रावर तिच्या नवऱ्याचा अंगठा आहे, आणि त्या तारखेच्या दोन महिने आधीच तो वारला होता. तुझ्या बाबांच्या, बुधाजीकाकांच्या अंगठ्याचं हे तुला माहीत नसेल. मावशीनं मुद्दाम तुझ्यापासून लपवलं. अंगठे गोळा करत फिरला तो आनंदा, ठेकेदाराचा माणूस. त्याचं नाव मी कुठेच घातलं नाही. तरी गेल्या गुरुवारी सादरीकरणाला तो मागच्या रांगेत येऊन बसला. सादरीकरण खुलं असतं, कोणीही येऊ शकतं, हाही नियमच. त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. पडद्यावर कितव्या नंबरनं काय सांगितलं त्याचा तक्ता आला तसा मोबाइलवर फोटो काढला. निघताना मला म्हणाला, छान अभ्यास केलाय ताई, आमच्या बायका फार बोलतात.

काल मी मॅडमकडे दिलेला प्रबंध जमा होण्याआधीच मागे घेतला. मॅडम म्हणाल्या, मुदत याच महिन्यात संपतेय, वेड लागलंय का तुला? लागलं असेल. पण तो फोटो कसा मागे घेऊ?

आज सकाळी बाजारात कोणी परका माणूस मोबाइलमध्ये बघत दारापासून एकेक बाई मोजत आला आणि मावशीपाशी थांबला. तिच्याकडून दोन पापलेटं घेतली, भावही केला नाही. बराच वेळ बोलत उभा होता. तो गेल्यावर मी धावत जाऊन मावशीला सगळं सांगितलं, चार दिवस कुठे तरी जा म्हणून हातापाया पडले. ती म्हणते, "मी नाय जात. जागा रिकामी दिसली का दुसरी बसते." माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. दादाबरोबर लगेच नीघ, पोरांनाही घे, आणि तिला उचलून ने. कुठेही ने, फक्त देवगडला परत जाऊ नकोस. त्या माणसानं लेक कुठे दिलीय म्हणून विचारलं, आणि मावशीनं कौतुकानं तुझ्या घराचा पत्ता सांगितलाय.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
रेवा