एकोणिसाव्या प्रांतातला ट्रेडमार्क

२ ऑगस्ट १९९०, गुरुवार
इराकी सैन्य कुवेत शहरात घुसलं. इथे गुरुवारी सुट्टी, तिचा विचका. रेखा म्हणाली, दार उघडू नका, आणि स्वतः मात्र क्लिनिकला ड्यूटीवर गेली. नर्सचं हे असंच. मी बाथटबमध्ये पाणी भरून ठेवलं. चार दिवसांत सगळं मिटेल असा माझा अंदाज. माझे अंदाज सहसा चुकत नाहीत.

५ ऑगस्ट
ऑफिस फोडलं. फॅक्स, टाइपरायटर, एसी, सगळं गेलं. फायलींना कुणी हात लावलेला नाही. ट्रेडमार्कच्या फायली कोण चोरणार! महत्त्वाच्या तेवढ्या सुटकेसमध्ये भरून घरी आणल्या.

७ ऑगस्ट
अमेरिकन दिसला की धरून नेताहेत. रेखाने डॉसनसाहेबांना तोंडाला बँडेज गुंडाळून, पेशंट म्हणून ॲम्ब्युलन्समधून आमच्याकडे आणलं. डॉसनसाहेब म्हणजे आमच्या न्यूयॉर्कच्या लॉ फर्मचे इथले वकील. मी त्यांचा असिस्टंट. त्यात साहेबांना डायबिटीस, रोज इन्सुलिन लागतं. आमचा मुलगा सुमेध पुण्याला कॉलेजात, त्यामुळे त्याची खोली रिकामीच होती. रेखाने पडदे शिवून बंद केले आणि मला बजावलं, कुणाला म्हणजे कुणाला कळता कामा नये. मला सांगायची गरज होती का? गुप्तता पाळणं हाच तर आमचा धंदा.
साहेब इथे, फायली इथे. म्हणजे कुवेत ऑफिस आता आमच्या घरात! मी ॲक्टिंग मॅनेजर. साहेबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, शुअर, रवी.

११ ऑगस्ट
संकल्प: रोज सकाळी टाय लावून डायनिंग टेबलाशी बसायचं. रेखाने सांगितलं होतं, इन्सुलिनसाठी फ्रिजमध्ये जागा करा. मीटिंगमुळे राहून गेलं. मीटिंग एकट्याचीच होती, पण शिस्त ती शिस्त.

२३ ऑगस्ट
खालचा जयराम वर आला. देवगडचा, एसी फिटर, एका खोलीत सहा जण राहतात. म्हणाला, अम्मानाक बशी सुटतत, वैनीक घेवन चला, हय रवान काय करतलास? रेखा म्हणाली, क्लिनिक सोडवत नाही. खरं कारण आतल्या खोलीत. ती गेली तर साहेबांना इन्सुलिन कुठून मिळणार? मी जयरामला माझ्यावरच्या जबाबदारीची थोडक्यात कल्पना दिली. तो मध्येच चपला घालून निघून गेला.

२९ ऑगस्ट
रेडिओवर सांगितलं, कुवेत हा इराकचा एकोणिसावा प्रांत. रेखा रडली. मला मात्र एकदम सुचलं. देश गेला म्हणजे त्याचा कायदा गेला, आणि आमच्या क्लायंटांची सगळी रजिस्ट्रेशनं रद्दी झाली. उद्या बगदादचा कुणी व्यापारी आमचं सिंहछाप शेव्हिंग क्रीम स्वतःच्या नावावर करून मोकळा होईल. आमच्या लाइनमध्ये ज्याचा अर्ज आधी, नाव त्याचं. तेव्हा आपणच इराककडे अर्ज करायचा! न्यूयॉर्कमध्ये कुणाच्या डोक्यात आलं नसेल. पार्टनर लोक स्वतः फोन करतील.
साहेबांना आणि रेखाला आत्ता सांगत नाही. सरप्राइज.

२ सप्टेंबर
साहेबांनी पूर्वी सह्या करून ठेवलेले कोरे कागद फायलीत सापडले. उत्तम.
रेखा इन्सुलिन मोज्यात लपवून आणते. चेकपोस्टवर पर्स बघतात, मोजे बघत नाहीत. धीराची आहे, पण पुढचा विचार नाही.

८ सप्टेंबर
दुकानांना नवी लायसन्सं देतात त्या बिल्डिंगमध्ये गेलो. टाय लावून. तिथल्या इराकी ऑफिसरला ट्रेडमार्क ठाऊक नाही. सारखा विचारत होता, दुकान कुठाय? मी म्हणालो, दुकान नाही, नुसतं नाव आहे. त्याने चहा मागवला.
एकच रकाना अडला. प्रतिनिधीचा सध्याचा पत्ता. ऑफिसचा लिहावा तर तिथे कुणी नाही, आणि खोट्या पत्त्यावर अर्ज बाद होतो. कोरा ठेवला तर परत येतो. साहेबांनीच घोटून घेतलंय हे. दोन मिनिटं थांबलो. मग सुवाच्य अरबीत लिहिलं: डॉसन, अमेरिकन ॲटर्नी, जाब्रिया, आमची बिल्डिंग, तिसरा मजला. सरकारी अर्ज वाचतो कोण? इतकी वर्षं पाठवतोय, कुणी वाचल्याचं ऐकिवात नाही.
या ऑफिसरने वाचला. दोनदा. असा मन लावून काम करणारा माणूस विरळा.

११ सप्टेंबर
दुपारी बेल वाजली. मला वाटलं, पोचपावती आली. ऑफिसर आणि चार सैनिक. माझा अर्ज त्याच्या हातात. साहेबांना पायजम्यावरच बाहेर काढलं. रेखा इन्सुलिनची बाटली घेऊन जिन्यात धावली. सैनिकाने ती हिसकावली, उलटसुलट पाहिली आणि पायऱ्यांवर आपटली. साहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांना काहीतरी विचारायचं होतं.
ऑफिसरने जाताना माझा हात हातात घेतला, शुक्रान म्हणाला, म्हणजे थँक्यू. रेखाने ते पाहिलं. गैरसमज होऊ शकतो.

१२ सप्टेंबर
व्हेरिफिकेशन असणार. चौकशी करून सोडतील. रेखाने एवढंच विचारलं, पत्ता तुम्ही लिहिलात? मी रकान्याची अडचण नीट समजावली. कोरा ठेवला असता तर काय झालं असतं, तेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि जिन्यातल्या काचा वेचायला गेली.
रात्रभर झोप नाही. पित्त असावं.

२८ सप्टेंबर
जयरामबरोबर अम्मानच्या बसमध्ये. फायली तो घेऊ देईना. म्हणाला, पाण्याक जागा होयी. रेखाने त्याला आमच्या दोघांच्या मध्ये बसवलं. वाळवंटभर ती त्याच्याशी बोलली. माझ्याशी नाही. दमली असेल.

१० मार्च १९९१, डोंबिवली
संध्याकाळी शेजाऱ्यांकडे न्यूयॉर्कहून फोन. खुद्द पार्टनर! काय बोलायचं ते मी कधीच पाठ करून ठेवलेलं. पण त्यांना रेखा हवी होती. ती ऐकत होती आणि ऐकलेलं वाक्य न् वाक्य मोठ्याने मराठीत सांगत होती. माझ्याकडे बघून. साहेब ऑक्टोबरातच इराकमध्ये, बसऱ्याच्या कैदेत वारले. इन्सुलिन मिळालं नाही. त्यांच्या बायकोने रेखाचे आभार मानलेत. आणि एकच विचारलंय, ते कुठे आहेत हे सैनिकांना कळलं कसं?
रेखा म्हणाली, माझ्या मिस्टरांना माहीत आहे, त्यांना देते. रिसीव्हर माझ्या हातात दिला.
पार्टनर हॅलो म्हणाले. पाठ केलेलं एक अक्षर आठवेना. शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. पार्टनर पुन्हा हॅलो म्हणाले, हळू, अगदी अदबीने.
मी म्हणालो, सॉरी सर, लाइन खराब आहे, काही ऐकू येत नाही.
सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.