उजव्या भिंतीवरचा चुना

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
शासकीय निवासस्थाने देखभाल कार्यालय, नागपूर.

विषय : क्वार्टर क्र. ११ च्या उजव्या भिंतीवरील ताजा चुना अलगद खरवडून मिळणेबाबत.
संदर्भ : आपले कारागीर देवाजी यांचे परवाचे, एरवी अत्यंत सुबक काम.

महोदय,

सविनय निवेदन की, मी कॉलेजात गणित शिकवतो व कॉन्टॅक्ट रीमानियन भूमितीतील सममित अवकाशांच्या वर्गीकरणावर प्रबंध लिहीत आहे. म्हणजे, उलटे केले तरी जसेच्या तसे राहणारे अवकाश किती प्रकारचे, एवढाच प्रश्न. दोन प्रकार हाती लागले. तिसरा आहे की नाही, यावर घोडे अडले आहे, आणि प्रबंध या महिन्यात न दिल्यास माझी नोंदणी रद्द होते.

२. मे महिन्यात कूलर बंद ठेवता येत नाही आणि कूलरपुढे कागद टिकत नाही, हे आपण जाणताच. सबब तिसऱ्या प्रकाराचे सारे गणित मी उजव्या भिंतीवर कोळशाने मांडले होते.

३. देवाजी शेजारी मनोहररावांच्या क्र. १२ मध्ये चुना मारत असता मी तिथे उभा राहून सांगितले की, माझे घर अगदी असेच आहे, तेवढी ही डावी भिंत सोडा. परंतु शासनाने ही दोन क्वार्टरे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी बांधली आहेत; त्यांची डावी भिंत ती माझी उजवी. हे उभ्या वसाहतीत फक्त माझ्याच ध्यानात आले नाही.

४. देवाजींचा खुलासा : "साहेब, तुम्हीच तं म्हटलं, डाव्या भितीले हात लावू नोको. मी तं लावलाच नाही." माझी पत्नी वच्छला हिचे म्हणणे : "दिवसभर उलटं-सुलटं करून राहिले, अन् घरचं डावं-उजवं काहून नाही समजत तुमाले?" दोघांचेही मला मान्य आहे.

५. तरी सदर चुना मऊ ब्रशने काढून मिळावा. ते अशक्य असल्यास गिलावा अखंड उतरवून माझ्या ताब्यात द्यावा.

६. वरील मजकूर झाल्यावर, आपल्या माहितीसाठी दोन्ही क्वार्टरांचा नकाशा काढला व मधल्या रेषेवर दुमडून पाहिला. तसाच तिसरा प्रकार मनात दुमडला, तर तो पहिलाच निघाला! महोदय, तिसरा प्रकार नाहीच! मनोहरराव दाढी करत होते, तशीच मी त्यांना मिठी मारली. साबण दोघांनाही लागला.

७. सबब परिच्छेद ५ रद्द समजावा. मात्र डावी भिंत तशीच काळवंडलेली राहिल्याने वच्छलाबाई संतप्त आहेत, तरी देवाजींना पुन्हा पाठवावे. डावी भिंत कोणती, ते त्या स्वतः दाखवतील. मी त्या वेळी कॉलेजात असेन.

आपला नम्र, व आज फारच खुशीत असलेला,
चंद्रभान नत्थू गोंडाणे
क्वार्टर क्र. ११
दि. ७ जून १९८४

सोबत : नकाशा, दुमडलेला. कृपया परत मिळावा. पाठीमागे सिद्धता आहे.