काचेपलीकडची ओंजळ

लातूर,
१४ डिसेंबर २०२३

प्रिय हसीना,

सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? पत्राचं पहिलं पान नातवाकडून, यासेरकडून वाचून घेतलंस तरी चालेल. दुसरं मात्र तू स्वतः वाच.

आधी आनंदाची बातमी: माझं हृदय ताळ्यावर आलं! वर्षभर ते मनाला येईल तसं धडधडत होतं. माडीवर राहणाऱ्या, डॉक्टरकीच्या कोचिंगला आलेल्या पोरींनी परातीतल्या पिठात बोटानं चित्र काढून समजावलं, "आजी, हृदयाला चार खोल्या. तुमच्या वरच्या दोन खोल्यांत नुसता गोंधळ चाललाय." मी म्हटलं, "मग आपल्या घरासारखंच हाय की!" पोरी हसून लोळल्या. पण त्या गोंधळात रक्ताची गाठ होऊन मेंदूत गेली तर अंग लुळं पडेल, हेही त्यांनीच सांगितलं.

मग नांदेड गाठलं. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयात नेतात आणि गोंधळ उठतो तिथं चटके देतात. नळी नेमकी कुठं पोचली ते कळावं म्हणून आतून सोनोग्राफी, छातीपाठीला चिकटपट्ट्या आणि पडद्यावर माझ्या हृदयाचा रंगीत नकाशा. डॉक्टर म्हणाले, "गळ्यातलं काढा. छातीवर धातू असला की नकाशा चुकतो."

गळ्यात चांदीच्या डबीत माझं इष्टलिंग. आम्हा लिंगायतांत ते जन्मभर अंगावेगळं करायचं नाही. म्हटलं, "मग मी चालले घरी." सून अंबिका दाराबाहेर रडकुंडीला आली. शेवटी मीच अट घातली, की लिंग माझ्या नजरेसमोर राहील. पण आत आणि काचेमागच्या खोलीत फक्त दवाखान्याचीच माणसं, अंबिकाला येता येईना. भोकरची एक नर्स पुढं आली, आलिया. म्हणाली, "मावशी, मी ओंजळीत धरून काचेपलीकडं उभी राहते. तुमचं होईस्तोवर खाली ठेवणार न्हाई. पण मी धरलेलं चालंल का?"

तू तेव्हा हे विचारलंच नव्हतंस गं.

आता दुसरं पान.

तीस वर्षांपूर्वी भूकंपात तू मला मातीखालून ओढून काढलंस. मी लिंगासाठी आक्रोश करत होते, तर तू परत नखांनी माती उकरलीस, डबी शोधलीस, पदरानं पुसून दिलीस. आणि मी दुसऱ्या दिवशी ती हापशाखाली तीनदा धुतली, तुझा हात लागला म्हणून. वळून बघते तर तू घागर घेऊन उभी. तू घागर रिकामीच घेऊन परतलीस. तेव्हापासून माझ्याकडं आलीस की उंबऱ्याबाहेरच बसतेस, गुडघे दुखतात म्हणून. तिशीत कुणाचे गुडघे दुखतात, हसीना? मला कळत होतं. मी कळू दिलं नाही. मला माफ कर.

तीन तास मी मान वळवून काचेकडं बघत होते. पोरीनं ओंजळ खाली केली नाही. डॉक्टर म्हणाले, "आलं लायनीवर!" मग आलियानं डबी माझ्या हातात दिली. तिच्या हातांनी ती ऊबदार झाली होती. मी ती तशीच गळ्यात घातली, धुतली नाही. खूप रडले, आणि मग सपाटून भूक लागली.

रविवारी अहमदपूरहून सकाळच्या एसटीनं ये. धपाटे करते. सैपाकघरात माझ्या पाटाशेजारी तुझा पाट मांडते. गुडघे खरंच दुखत असतील तर खुर्ची ठेवते, पण आत.

दाराच्या आतून वाट बघणारी,
तुझी नीला