हिरवं पाणी उलटं आलं

खारी, भाईंदर पूर्व
१२ मार्च २०२५

प्रिय नेत्राताई,

नमस्कार. अभिनव भावोजींनाही माझा नमस्कार सांग, त्यांनी घेतला तर. इकडे आम्ही सगळे मजेत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण जीभ अगदी ठणठणीत आहे. उद्या होळी. नीलम सकाळपासून करंज्या लाटतेय आणि मी मधे मधे येतो म्हणून माझ्यावर खेकसतेय.

पत्र बघून हसू नकोस. तू मला ब्लॉक केलंयस. व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या मेसेजला एकच टिक येते, मग माणसाने करायचं काय? शेवटचं पत्र मी शाळेत लिहिलं होतं, तेही मराठीच्या पेपरात. आईच्या हाती पाठवतोय. तिने रस्त्यात फोडून वाचलं नाही तर तुला मिळेल.

भांडी पॉलिशचा गाळा अजून सीलच आहे. पोरं दुसरीकडे कामाला लागली. मी सध्या वसईत एकाच्या कारखान्यात पॉलिशवर बसतो. मालक होतो, आता हातात बफ. चांगलं आहे, पोट कमी झालं.

ताई, मला त्या अष्टमीबद्दल लिहायचंय.

बाबा आपल्याला ओट्यावर बसवून शिकवायचे. तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ येते. अष्टमी म्हणजे आठाची पाऊण सहा, सहाला भरती, बाराला सुकती, म्हणजे पुरी ओहोटी. माझा हिशेब कायम चुकायचा आणि तुझा कधीच नाही. पण धंद्यात पडल्यावर मीही तो पक्का केला, आणि कशासाठी? भांडी तेजाबातून काढली की उरलेलं पाणी टाकीत साठवायचं आणि सुकती लागली की खालच्या पाइपाने पावसाळी गटारात सोडायचं. सुकती ओढून नेते, खाडीत गेलं की झालं. आपण कोळ्याची पोरं, पाण्याची चाल आपल्याला कळते, याचा मला काय माज होता! शेजारचे गाळेवाले मला विचारून पाणी सोडायचे. मी तिथी बघून सांगायचो. बाबा असते तर कानाखाली काढली असती.

आणि तू महापालिकेत गटारांचीच इंजिनीअर. जेवताना दहादा म्हणायचीस, ‘धन्या, त्या गटारात फक्त पावसाचं पाणी जायला पाहिजे, दुसरं काहीच नाही.’ मी मान डोलवून आणखी एक बोंबील वाढून घ्यायचो.

मग मार्गशीर्षात तू तपासणीला आलीस, बरोबर अष्टमीला. तेव्हाच मला कळायला हवं होतं. अष्टमीला भांगाची भरती असते, दुबळी, पाण्याला ओढ नसते, जे सोडलं ते रेंगाळतं. बाबांनी शिकवलेलं तूही विसरली नव्हतीस. आमच्या भांडी धुण्याच्या खड्ड्यात तू चमचाभर रंगाची पूड टाकलीस. चमचाभर, ताई! आणि दहा मिनिटांत बाहेरच्या गटारात असा हिरवा रंग फुटला की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. तिथेच पंचनामा झाला असता. पण तू म्हणालीस, ‘चल माझ्याबरोबर.’

आपण दोघं त्या रंगाच्या मागे चालत गेलो. गाळ्यांची रांग, मग शाळेची भिंत, मग मार्केट, मग आपलं गाव. जाळी आली की मी खाली वाकून बघायचो आणि तो तिथे असायचाच. इतकी वर्षं मी तिथून चालतोय, पण माझ्या पायाखालून माझंच पाणी चाललंय हे कधी डोक्यात आलं नव्हतं. बाराच्या सुमाराला आपल्या घरामागच्या वळणावर रंग थांबला. तू म्हणालीस, ‘आता उभा राहा.’ तू गुडघाभर चिखलात, मी काठावर. आणि मग ते हिरवं पाणी हळूहळू उलटं आलं. खाडीकडून वर. आईच्या मोरीच्या पायरीला लागलं, तिची सुकटीची टोपली होती तिथे. मी लहानपणापासून भरती बघतोय, पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. मी फेकलेलं काहीच गेलं नव्हतं. दिवसातून दोनदा परत येत होतं, आणि आम्ही त्याच्या शेजारी जेवत होतो.

तेव्हा मी तुझ्या पाया पडायला हवं होतं. ते सोडून मी काय केलं?

इतका वेळ मी याच्याच भोवती फिरतोय. लिहूनच टाकतो. सुनावणीत साहेबांनी विचारलं, ‘पाइप कधीपासून आहे?’ माझं डोकं फिरलं होतं. गावात लोक म्हणत होते, सख्ख्या बहिणीने भावाचा गाळा बंद केला. मी म्हणालो, ‘पहिल्यापासून आहे. ताईला माहीत होतं. घरातलीच आहे ती.’ तू समोर बसली होतीस. तू पेनाला टोपण लावलंस. ताई, ते खोटं होतं. तो पाइप तुला दिसू नये म्हणून तू गाळ्यावर येणार असलीस की मी त्यावर भांड्यांची पोती रचून ठेवायचो.

तुला साइटवरून काढून टेबलावर बसवलं, सोमवारपर्यंत लेखी खुलासा मागितलाय, हे मला तुझ्या ऑफिसातल्या मनालीकडून कळलं. नोकरीवर गदा येईल म्हणाली. तरी मी पंधरा दिवस गप्प बसलो. कबूल केलं तर पाणी शुद्ध करायची टाकी बसवून गाळा परत उघडायची परवानगी जाते, वर खोटं बोलल्याची केस. भित्रा आहे मी, तुला माहीतच आहे.

गेल्या रविवारी आई मागच्या दारातून ओरडली, ‘धन्या, ये रं! निवटं हाय! जित्ती हाय!’ मी म्हटलं, म्हातारीला भास होतोय. जाऊन बघतो तर नाल्याच्या भिंतीवर एक निवटी, चिखलातला तो मासा, कित्येक वर्षांनी. मग दुसरी. मग डोळा सरावला आणि बाप रे, अख्खा चिखल हलत होता! शेकडो असतील. उड्या मारतायत, भांडतायत, डोळे वर काढून माझ्याकडे बघतायत. आमच्या रांगेतले पाइप बंद होऊन अडीच महिने झालेत फक्त. कोणी आणून सोडली नाहीत, कोणी बोलावली नाहीत. आईने हात जोडले. मला हातसुद्धा जोडवेनात, मी तिथेच खाली बसलो आणि रडलो.

आज सकाळी महापालिकेत जाऊन जबाब लिहून दिला. पाइप मी टाकला, बहिणीपासून लपवला, सुनावणीत खोटं बोललो. खाली सही केली. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. ‘बहिणीने सांगितलं का हे लिहायला?’

मी म्हटलं, ‘न्हाय साहेब. ती माझ्याशी बोलत न्हाय.’

‘मग तेही लिहा.’

म्हणून मी खाली हाताने लिहिलं: सुनावणीच्या दिवसापासून माझी बहीण माझ्याशी एक शब्दही बोललेली नाही. त्यावर शिक्का बसला. प्रत सोबत जोडलीय.

तेव्हा ताई, सोमवारपर्यंत मला फोन करू नकोस. आईच्या हाती निरोपही देऊ नकोस. आयुष्यात एकदा मी लेखी खरं बोललोय, ते खरंच राहू दे.

तुझ्या शब्दाची वाट बघणारा, पण मंगळवारपासून,
तुझा गुन्हेगार भाऊ
धनेश