नाक मोठं आलंय

४ जून

चि. बबडीस आईचे अनेक आशीर्वाद.

पाकीट मिळालं. नदीत मासा धरणाऱ्या अस्वलाचा फोटो तीनदा पाहिला, मग भिंग लावून पाहिला. तू लिहितेस, दोनशे पावलांवरून लांबच्या लेन्सने काढला. बाई गं, मी पंधरा वर्षं तुझ्या बाबांच्या स्टुडिओत फोटो धुतलेत. लांबच्या लेन्सने चेहरा चपटा येतो. कॅमेरा तोंडाशी नेला की नाक फुगतं आणि कान मागे पळतात; गिऱ्हाइकं त्यावरून भांडायची. तुझ्या अस्वलाचं नाक केवढं आलंय! किती पावलांवर होतीस, खरं सांग.

इकडे ठीक. गुडघा कुरकुरतो, मीही कुरकुरते. उत्तराची वाट बघायला लावू नकोस.

तुझी आई

१९ जून

ती. आईस सा. न. वि. वि.

अस्वलापेक्षा तुझ्या भिंगाचीच भीती जास्त. बरं, खरं सांगते: बारा पावलं. पण ते पोटभर खाऊन सुस्तावलं होतं आणि आमचा वाटाड्या शेजारीच होता. लांबून काढलेले फोटो संपादक परत पाठवतात. असे ढिगाने पडलेत म्हणतात. पुढच्या महिन्यात पिल्लंवाली मादी नदीवर येईल. तिच्यासाठी आठ पावलांवर जागा हेरली आहे. बाबा असते तर मला पुढे जा म्हणाले असते की नाही? तू मला कधी मागे सर म्हणाल्याचं आठवत नाही. आताही म्हणू नकोस.

गुडघा शेकत जा. लोभ असू दे, भिंगाशिवाय.

तुझी बबडी

२८ जून

चि. बबडीस आशीर्वाद.

बाबा पुढे जा म्हणाले असते, हे खरं. मी मागे सर का म्हणत नाही, ते आज लिहिते. तू मावशीकडे सुट्टीला गेली होतीस. शाळेच्या गच्चीवर मास्तरांचा ग्रुप फोटो होता. मुख्याध्यापिकाबाईंनी मलाही ओढून कडेला उभं केलं. मी फोटोत मावत नव्हते. मीच म्हटलं, जरा मागे व्हा. तुझे बाबा कॅमेऱ्यावरून डोळा न काढता मागे झाले. कठडा गुडघ्याएवढाच होता. पाय घसरला असं तुला सांगितलं. घसरला नव्हता. त्यानंतर ते शब्द मी बसच्या गर्दीतसुद्धा कुणाला म्हटलेले नाहीत.

वाचनालयातून अस्वलांवरचं जाड पुस्तक आणलंय. ग्रंथपाल विचारत होता, काकूंचं कादंबऱ्यांशी भांडण झालं की काय. त्यात लिहिलंय, अस्वल जवळ आलं तर पाठ फिरवू नये. तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे सरावं. पुस्तक मिटून टाकलं. मागे न बघता मागे सरायचं! रात्र तशीच गेली, सकाळी परत उघडलं.

माझं एक ऐक. बसण्याआधी मागच्या वाटेने उलटी चालून बघ. दगड असला तर उचल, खड्डा असला तर जागा बदल. पावलं पाठ कर. आणि ती आली, की मागे सर.

लिहिलं बाई एकदाचं.

तुझी आई

२१ जुलै

ती. आईस सा. न. वि. वि.

उशीर झाला, फोटो धुऊन यायचा होता. तुझं पत्र मादी यायच्या आदल्या दिवशी पोचलं. मी उलटी चालायला लागले तेव्हा वाटाड्या पोट धरून हसला. तिसऱ्याच पावलाला काठ पाण्याने पोखरलेला होता. खाली दोन पुरुष खोल. त्याचं हसू थांबलं. जागा बदलली.

दुसऱ्या दिवशी एक पिल्लू कॅमेऱ्याच्या स्टँडशी खेळायला आलं, आणि त्याच्यामागून ती. मी पाठ फिरवली नाही, मागे पाहिलं नाही. चव्वेचाळीस पावलं, एकेक मोजत. तिथून गळ्यातल्या दुसऱ्या कॅमेऱ्याने एकच फोटो काढला, तो पाठवते. संपादक नक्की परत करणार.

गच्चीबद्दल आल्यावर बोलू. रागावलेली नाही. तुझ्या सांगण्यावरून मागे सरले, म्हणून आज आहे.

तुझी बबडी

५ ऑगस्ट

चि. बबडीस आशीर्वाद.

फोटो मिळाला. अस्वल सापडायलाच भिंग लागलं. नाक तर कुठे दिसत नाही. बाबांनी नावं ठेवली असती. त्यांच्याच फोटोशेजारी लावलाय.

काल बसमध्ये एका माणसाला जरा मागे व्हा म्हटलं. तो झाला. काही झालं नाही.

तुझी आई