दोन घरांतली एकबारी बंदूक

मी, ओटिलिया वुटे, कै. व्हॅलेंटिन वुटे यांची थोरली मुलगी, वय पंचाहत्तर, अविवाहित, धंदा बंदुका घडवणे, राहणार फेरलाख, कॅरिंथिया, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या टेबलावर, माझ्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टर गुडघ्यांबद्दल जे बोलले त्याचा इथे संबंध नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. ते आणण्याचा प्रयत्न ज्यांनी केला, त्यांना हे माहीत आहे. याआधी मी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर आणि मागची बाग भाची गेर्ट्रूड हिला द्यावी. स्वयंपाकघरातली चूल काढून तिथे विजेची शेगडी बसवायची असेल, तर निदान माझे दफन होईपर्यंत थांबावे.

२. बँकेतली शिल्लक गावच्या अग्निशमन दलाला द्यावी. त्यांच्या बँडला देऊ नये.

३. शेजारी पोटोच्निग यांच्या आलुबुखाराच्या फांद्या माझ्या कुंपणावरून आत येतात. आत पडलेली फळे मी आजवर खाल्ली आणि त्यांना ते आवडले नाही. तो हक्क मी गेर्ट्रूडला देते. मुरंबा केल्यास एक बरणी त्यांना द्यावी, म्हणजे त्यांना जास्त राग येईल.

४. कानशी, पकडी, लेथ आणि नळीत काडतुसाचे घर कोरायची हत्यारे बंदूककामाच्या शाळेला द्यावीत. मला त्या शाळेत प्रवेश मिळाला नव्हता, कारण मुलींना देत नसत. मी वडिलांकडे शिकले. शाळेवर माझा राग नाही. हत्यारांच्या पेटीवर मात्र माझे पूर्ण नाव ठळक रंगवून मगच ती पोचवावी.

५. आता बंदुकीबद्दल. हे कलम लांबणार आहे.

ही एकबारी बंदूक वडिलांनी स्वतःसाठी घडवली होती. नळी बिजागरीवर खाली झुकते, एक काडतूस आत जाते, नळी मिटते. दुसरे महायुद्ध संपल्यावर इंग्रज सैन्याचा हुकूम निघाला, सगळी हत्यारे जमा करा. वडिलांनी नुसती नळी नेऊन दिली. "बाकीची कुठे आहे?" असे अधिकाऱ्याने विचारले. वडील म्हणाले, "साहेब, गोळी इथूनच बाहेर पडते. बाकीचं नुसतं लाकूड." बाकीची बंदूक आंबवलेल्या कोबीच्या पिंपाखाली पुरलेली होती. वडिलांना वाटले, नळी परत मिळेल. मिळाली नाही.

पुढे वडील वारले. त्यांच्या मृत्युपत्रात लिहिले होते : मधले यंत्र, म्हणजे बिजागरी, नळी अडकवणारे कुलूप आणि चाप, ओटिलियाला. मागचा दस्ता आणि नळीखालचे लाकूड फ्लोरियानला. 'म्हणजे भावंडे एकमेकांना धरून राहतील.'

फ्लोरियान माझा धाकटा भाऊ. दफनाहून परतल्यावर तो म्हणाला, "टिली, यंत्र दे. मी नळी बसवून घेतो."

मी म्हटले, "नळ्या मी बसवते. तू दस्ता दे."

"आधी तू."

"आधी तू."

एवढेच भांडण झाले. त्यावर आम्ही बोलणे टाकले. तो माझ्याच गल्लीत समोरच्या बाजूला राहतो. चर्चमध्ये आम्ही एकाच बाकावर बसत होतो, मध्ये त्याची बायको रोझालिया. नाताळचा केक ती मला आणून द्यायची आणि सांगायची, "हा माझ्याकडून आहे. तो नको म्हणत होता." त्यांची गेर्ट्रूड लहानाची मोठी झाली तरी आमचे तोंड उघडले नाही.

मग लाकडाच्या गिरणीत फ्लोरियानच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. या खोऱ्यात त्याच्याइतका चांगला शिकारी नव्हता. त्याने आपली रायफल विकली आणि तो चुलीशेजारी बसला. रोझालिया येऊन म्हणाली, "तो खिडकीकडे पाठ करून बसतो. डोंगर दिसू नये म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी पोलादाचा दांडा आणला.

नळी आखूड आणि हलकी ठेवली, म्हणजे दोन बोटांच्या तळहातावर ती पेलेल. काडतूस सौम्य निवडले. नळीखालचा पोलादी आकडा बिजागरीत बसवायला हिवाळा गेला. हे काम मोजपट्टीने होत नाही. नळीच्या बुडाला दिव्याची काजळी धरायची, यंत्रात बसवून मिटायची, पुन्हा उघडायची. काजळी जिथे घासून पोलाद चमकते, तिथे ते जास्त आहे. तिथे कानशीचा एक हलका हात. पुन्हा काजळी. चमक एका ठिपक्यावर न राहता सगळीकडे सारखी पसरली की नळी बसली. मग फटीतून उजेड येत नाही आणि मिटताना आवाज असा येतो, जसे कोणी शहाण्या माणसाने दार लावावे. चाचणीघरात मुद्दाम जास्त भाराचे काडतूस उडवून पाहिले. तिने ते सोसले.

पण दस्ता समोरच्या घरात होता आणि मी मागायला जाणार नव्हते. नळी आणि यंत्र फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवले. वर्षभर तिथेच राहिले.

एका रविवारी रोझालिया पावाच्या टोपलीत काहीतरी झाकून घेऊन आली. तळाशी नळीखालचे लाकूड होते आणि दस्ता वीतभर बाहेर आला होता. ती त्याच अवतारात, चर्चमधून परतणाऱ्या लोकांदेखत, गल्ली ओलांडून आली होती.

"त्याने दिला?" मी विचारले.

"मी चोरला."

"त्याला कळेल."

"कळू दे. निदान खुर्चीतून उठेल तरी."

आता चाप त्याला डाव्या हाताने ओढावा लागणार होता, आणि उजव्या खांद्याचा दस्ता डाव्याला चालत नाही. आम्ही जवसाचे तेल तापवून अक्रोडाच्या लाकडावर ओतत राहिलो आणि ते मऊ झाल्यावर दुसऱ्या बाजूला वाकवले. कढई रोझालियाने धरली. अजून ती म्हणते की तो वास तिच्या कोटाला येतो.

फ्लोरियान आला तो दार न ठोठावता. "चोरटे! दोघी चोरट्या! बाबांचा दस्ता..."

मी बंदूक त्याच्या हातात दिली. त्याने ती उजव्या खांद्याकडे नेली, थांबला, आणि डाव्याला लावली. गाल आपोआप लाकडावर टेकला.

"नळी आखूड आहे," तो म्हणाला.

"तुझा हातही."

रोझालियाने हातातली बशी खाली ठेवली. फ्लोरियानने माझ्याकडे पाहिले आणि तो हसायला लागला. इतका, की त्याला खाली बसावे लागले.

त्या शरदात आम्ही दोघे वर गेलो. डोंगरी बकरा घळीच्या पलीकडे उभा होता. फ्लोरियानने गोळी झाडली. बकरा पडला. फ्लोरियान रडू लागला. मी बकऱ्याकडे बघत राहिले, कारण दोघांपैकी एकाकडे बघणे भाग होते. त्यानंतर गुडघे साथ देत होते तोवर दर शरदात आम्ही गेलो. वाटेत फार बोलत नव्हतो. पण आता ते न बोलणे निराळे होते.

६. सबब ही बंदूक, नळी, यंत्र, दस्ता आणि लाकूड मिळून, अखंड, भावजय रोझालिया वुटे हिला द्यावी. नळी माझी, दस्ता भावाचा. पण गल्ली ओलांडण्याची हिंमत तिने एकटीने केली. फ्लोरियानला शिकारीला जायचे असेल, तर त्याने बायकोकडे बंदूक मागावी. मागताना टोपी काढावी.

हे कलम मी रोझालियाला आज वाचून दाखवले. ती म्हणाली, "टिली, मला बंदुकीची भीती वाटते. आणि तुझ्याआधी मीच गेले तर?"

"तर फ्लोरियानला जाईल. पूर्ण हक्काने."

तिने कॉफी संपवली, कप विसळून पालथा घातला आणि कोट चढवला.

"मग मी नाही मरत," ती म्हणाली.

वरील मजकूर मी दोनदा वाचला आहे. त्यात बदल नाही.

स्थळ : फेरलाख
दिनांक : ११ नोव्हेंबर १९९६, सेंट मार्टिनचा दिवस

(सही) ओटिलिया वुटे

आमच्यासमोर सही झाली. लिहिणारी शुद्धीवर होती आणि आम्हाला घाई करत होती, कारण भट्टीत सणाचा हंस भाजत होता.

साक्षीदार :
१. (सही) आल्बिन श्ट्रुगर, पाववाला
२. (सही) नोट्बुर्गा ओग्रिस, निवृत्त सुईण