ज्याचा कागद त्यालाच

रविवार, ९ जून

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. जेवण वेळेवर होतं. गुडघा कुरकुरतो, पण चालतो.

आठ महिने झाले, मी वस्तीतल्या दवाखान्यात जातो. बिनपगारी. पत्र्याच्या दोन खोल्या, बाहेर बाक, एक डॉक्टरीणबाई, एक नर्स. आधी नुसते केसपेपर लिहायचो. मग लोक मोठ्या हॉस्पिटलातले रिपोर्ट पुढे करू लागले, "काका, काय लिहिलंय?" छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासली, बारीक अक्षराला मी भीत नाही. बाई अर्थ सांगतात, मी तो समोरच्याला उमजेपर्यंत सांगत बसतो. मला 'रिपोर्टकाका' म्हणतात. तुझी आई म्हणाली असती, घरात कधी पेपरातून डोकं वर काढलं नाही, आणि आता जगाला वाचून दाखवतायत!

तीन महिन्यांपूर्वी एक गवंडी आला. बायको बाहेर बाकावर. पाकीट माझ्या हातात देऊन दबक्या आवाजात म्हणाला, "पोटात गाठ आहे. तिला मात्र गॅस म्हणून सांगा. हाय खाईल ती."

"कागद तिचा आहे," मी म्हणालो. "तिला आत बोलाव."

"तुमच्यावर वेळ आली असती म्हणजे कळलं असतं!"

ठमे, माझ्यावर वेळ आली होती.

आईचा रिपोर्ट तू सुट्टीत यायच्या चार महिने आधीच आला होता. मी एकटाच जाऊन घेऊन आलो. जिन्यात उभ्याने वाचला आणि शब्दकोशामागे सरकवला. तिनं विचारलं तेव्हा म्हणालो, "रक्त कमी आहे, खजूर खात जा." बिचारी रोज न चुकता खायची. आठवडाभर सुखात राहू दे, मग सांगू, असं मनाशी म्हणायचो. पण भीती तिच्यासाठी नव्हती, माझ्यासाठीच होती. तू आलीस, तिला खंगलेली पाहून तडक हॉस्पिटलात नेलंस, आणि डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. तेव्हापासून प्रत्येक पत्रात तू लिहितेस, "मीच आधी यायला हवं होतं, बाबा." आणि मी उत्तरात गुडघ्याचं लिहितो.

गवंड्याच्या बायकोला नर्सनं आत आणलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं सांगितलं, मी ओळ न् ओळ वाचली. ती नवऱ्याकडे वळली.

"तुला कधी कळलं?"

"आठ दिवस झाले."

"माझे आठ दिवस खाल्लेस तू."

उपचार सुरू झाले, पण लागू पडले नाहीत. गेल्या मंगळवारी ती गेली. काल तो उरलेल्या गोळ्या परत करायला आला होता. म्हणाला, "बहिणीला भेटून आली. माझ्याशी पोटभर भांडली. शेवटी माझा हात धरून होती." मग बाकावर बसून ढसाढसा रडला. मी शेजारी बसून राहिलो.

तुझ्या आईचे मी एकशे अठरा दिवस खाल्ले. तिला भांडूसुद्धा दिलं नाही.

तुझी काहीच चूक नव्हती. तो रिपोर्ट सोबत पाठवतोय, वर उजवीकडे तारीख आहे. उद्या नऊला मी दवाखान्यात असेन. आयुष्यात पहिल्यांदा एका खुर्चीत माझी खरोखर गरज आहे असं वाटतं, आणि तिथं बसायला मी लायक नाही हेही कळतं. तरी जाणार.

माफी मागत नाही. ती जिच्याकडे मागायची, ती ऐकायला नाही.

तू ठेवशील त्या नात्याचा,
बाबा